दूध एकालाच पुरायचं

आमच्या घरात पैलवान एकच झाला, कारण दूध एकालाच पुरायचं.

तासगाव तालुक्यातलं घर. आजीची सात मुलं जगली. झाली किती, हे तिनं कधी सरळ सांगितलं नाही. थोरले तात्या, मग पैलवान काका, मग थोरली आत्या, मग माझे वडील, त्यांच्यामागून दोन आत्या आणि शेवटी धाकटे काका. रान कोरडवाहू. गोठ्यात दोन म्हशी, पण दोन्ही एकाच वेळी दुभत्या असल्याचं कुणाला आठवत नाही. आजोबांनी थोरल्या दोघांना तालमीत नेलं. वस्तादांनी दोघांची मनगटं दाबून पाहिली, मांड्या चाचपल्या आणि दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी घरातल्या दुधाचा निकाल लागला. तात्या रानात गेले.

पुढचं थोरल्या आत्याकडून ऐकावं. पहाटे आजी धार काढायची. चरवीतलं दूध फडक्यातून गाळायचं आणि निरसंच पैलवानाच्या तांब्यात ओतायचं. उरेल त्याचा चहा. रात्री भिजत घातलेले बदाम सोलून पाट्यावर वाटायचं काम आत्याकडे, तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. वाटण असं गुळगुळीत हवं की बोटाला कणी लागता कामा नये. ते सगळं निपटून वाटीत गेलं की वरवंट्याच्या बुडाला पांढरा पातळ थर राहायचा. धुण्याआधी आत्या तो बोटानं पुसून चाटायची. ‘आई बघायची,’ ती म्हणते, ‘बघून न बघितल्यागत करायची. त्येवढंच आमचं बदाम.’ आणि हसते. हे सांगताना ती नेहमीच हसते, आणि मला दर वेळी तिची उंची दिसते. पैलवान काका सहा फुटाला टेकलेले. आत्या माझ्या खांद्याला लागते.

काकांची कुस्ती रेवड्यांपासून सुरू झाली ती जत्रेतल्या चार आकडी इनामापर्यंत पोचली आणि गुडघ्यावर संपली. तरी आजोबांचा निर्णय तेव्हाच्या हिशेबानं खुळा नव्हता. मिरजेजवळच्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी 1962 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणलं होतं, 1964 ला ते हिंदकेसरी झाले, आणि त्या काळात सांगली जिल्ह्यातल्या प्रत्येक बापाला आपल्या दारात एक मारुती माने दिसत होता. सातांना एकेक घोट देऊन सगळेच किडमिडे ठेवायचे, की एकाला पोटभर पाजून घराचं नाव काढायचं? आजोबांनी दुसरं निवडलं. हा हिशेब आजही चालतो, फक्त तांब्याच्या जागी क्लासची फी आली आहे.

मला एकच मुलगी. मी सांगलीत विश्रामबागेत राहते, नवरा-बायको दोघं कमावतो, तरी लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, ‘एकीवरच थांबलात?’ यात दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, बरं केलंत, सगळं एकीलाच देता येईल. दुसरा पक्ष माझ्या एका मैत्रिणीचा. ती जीवशास्त्र शिकवते. तिचं म्हणणं, जुळ्यांचे आणि दत्तक मुलांचे अभ्यास बघ. मूल मोठेपणी कसं होईल यात आईबापांच्या धडपडीचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा फार कमी निघतो. जे व्हायचं ते बरंचसं रक्तातच असतं. मग एकीच्या मागे एवढं रक्त आटवण्यापेक्षा दोन-तीन होऊ द्यायची की, आणि निवांत वाढवायची. युक्तिवाद गोड आहे, विशेषतः ज्याला रोज सकाळी शाळेचा डबा करावा लागतो त्याला.

तिचं अर्धं खरंच आहे. आईच्या गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतलं कुठलं तरी एक जातं. नुसत्या या निवडीतून 83,88,608 वेगवेगळी बीजांडं संभवतात. बापाच्या बाजूनंही तेवढेच शुक्राणूंचे प्रकार. म्हणजे जवळपास चौऱ्याऐंशी लाख. आपल्याकडच्या चौऱ्याऐंशी लक्ष योनींशी हा आकडा जुळतो तो निव्वळ योगायोग, पण आमच्या वारकरी आजीला सांगितला असता तर तिनं जीवशास्त्राला एका फटक्यात माफ केलं असतं. आणि जोड्या वाटल्या जाण्याआधी त्यांच्यात आपसात तुकड्यांची अदलाबदल होते ती वेगळीच. म्हणून सख्खी भावंडं एकमेकांशी सरासरीनं निम्मी जुळतात असं म्हणायचं, एरवी कुणी सदतीस-अडतीस टक्के जुळतं, कुणी साठच्या पुढे जातं. सात भावंडांत वस्तादाच्या हाताला लागणारं मनगट एकाचंच असणं यात नवल काही नाही.

फक्त एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी. ही वाटणी करताना निसर्ग कुणाचं तोंड बघत नाही. थोरला-धाकटा बघत नाही, मुलगा-मुलगी बघत नाही. उलट मुलीला बापाकडून थोडं जास्तच येतं. बाप मुलाला वाय गुणसूत्र देतो, ते आखूड, त्यावर जनुकं मोजकीच. मुलीला एक्स देतो, त्यावर शेकड्यांनी जनुकं. वंशाचा दिवा म्हणून ज्याच्यासाठी नवस बोलले जातात त्याच्या पदरात बापाकडून आलेला ऐवज बहिणीपेक्षा तसूभर कमी असतो. हे मी एकदा भाऊबीजेला भावाला सांगितलं. त्यानं ओवाळणी कमी केली.

मैत्रिणीचं दुसरं अर्धं मात्र मला आमच्या बागेतच अडतं.

तात्यांनी उतारवयात रान बागायत करून द्राक्ष लावली. आता ती भाऊ बघतो. खाली डॉगरीजचा खुंट, वर एकाच जातीची काडी. कलम भरलेलं, म्हणजे बागेतली प्रत्येक वेल जनुकांनी दुसरीची हुबेहूब प्रत. कुठल्याही शास्त्रज्ञाला हेवा वाटावा इतकी जुळी, एका ओळीत, तारेवर. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटवे येतात, घड दिसतात. मग फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या फुटी, काढायच्या, जास्तीचे घड काढायचे, राहिलेल्या घडातलेही मणी कात्रीनं विरळायचे. बायांची टोळी दिवसभर मान वर करून थिनिंग करत असते आणि ओळीत हिरव्या मण्यांचा सडा पडतो. लहानपणी मला तो सडा बघून वाईट वाटायचं. तात्या म्हणायचे, ‘सगळं ठेवलं तर बेदाणासुदा नीट हुणार न्हाई.’ एका वेलीवर माल जास्त ठेवला की मणी फुगत नाही, साखर भरत नाही. काडी तीच, माती तीच, पाणी तेच, फरक फक्त ओझ्याचा. संख्या वाढली की वाटा घटतो हे तासगावात कुणाला शिकवावं लागत नाही.

म्हणून ‘आम्ही दोघं, आमची दोन’ आमच्या भागात पटकन पटलं असावं. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत 1921 साली संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. आमच्या गावापर्यंत ती गोष्ट पोचली ती लाल त्रिकोणाच्या रूपानं, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर. शेजारच्या सातारा जिल्हा परिषदेनं तर 2007 साली नवविवाहितांसाठी योजना आणली, पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर पाच हजार रुपये, तीन वर्षं लांबवलं तर साडेसात हजार. त्याला ‘दुसरा हनिमून’ असं नाव पडल्यामुळे योजनेपेक्षा नावाचीच चर्चा जास्त झाली. राज्यात 1992-93 च्या पाहणीत एका बाईला सरासरी 2.9 मुलं होती, 2019-21 मध्ये 1.7. एका पिढीत एवढी घट. माझ्या घरातही तेच, सात, मग दोन, मग एक.

पण आमची सात भावंडं नजरेसमोर आणली की कुटुंबाच्या आकाराचा हा सरळ हिशेब पुरत नाही. सातही एकाच घरातली. आकार सातांनाही तोच होता. मग पैलवान काका सहा फूट आणि आत्या एवढीशी का? मुलगे उंच असतात, ठीक. पण माझी उंची आत्याहून चांगली वीतभर जास्त आहे आणि मी तिच्याच सख्ख्या भावाची मुलगी.

नॉर्वेत तिघा अर्थतज्ज्ञांनी अख्ख्या देशाची नोंदवही घेऊन हेच तपासलं. त्यांचा निबंध 2005 चा. मोठ्या कुटुंबातली मुलं कमी शिकतात हे खरं, पण मूल कितवं हे हिशेबात घेतल्याबरोबर कुटुंबाच्या आकाराचा परिणाम जवळजवळ नाहीसाच झाला. राहिला तो क्रमाचा. दोन वर्षांनी तिथल्याच, लष्करभरतीच्या वयातल्या सुमारे दोन लाख चाळीस हजार तरुणांच्या बुद्धिचाचण्यांवरून आणखी एक गोष्ट निघाली. पहिल्या मुलाचे गुण दुसऱ्यापेक्षा दोन-तीननं जास्त होते. ते गर्भातल्या कशामुळे की घरातल्या वागणुकीमुळे? तर ज्या घरात पहिलं मूल लहानपणीच गेलं आणि दुसरंच थोरलं म्हणून वाढलं, त्या दुसऱ्याचे गुण थोरल्याइतके निघाले. म्हणजे जन्माचा क्रम नव्हे, पानावर बसण्याचा क्रम.

आपल्याकडचं चित्र याहून बोचरं. भारतातली मुलं आफ्रिकेतल्या गरीब देशांतल्या मुलांपेक्षाही खुजी का, हे कोडं पुष्कळ वर्षं पडलेलं होतं. जनुकांवर ढकलणारेही होते. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या दोघींनी 2017 मध्ये दाखवून दिलं की आपलं पहिलं मूल तिकडच्या पहिल्यापेक्षा खुजं नसतंच. दुसऱ्यापासून घसरण सुरू होते आणि पुढच्या प्रत्येक मुलामागे ती वाढत जाते, तिकडच्यापेक्षा कितीतरी वेगानं. थोरल्या मुलग्यावर जीव ओवाळण्याची आपली रीत हे त्यांनी सांगितलेलं मुख्य कारण. जनुकांचा दोष असता तर पहिलं मूलही खुजं निघालं असतं. पोटभर खाणाऱ्या समाजात माणसामाणसातल्या उंचीच्या फरकाचा साधारण ऐंशी टक्के भाग अनुवंशानं ठरतो म्हणतात. पण त्यातलं ‘पोटभर’ महत्त्वाचं. पाट्यावर जे वाटलं जात होतं त्यातलं आत्याच्या पोटात किती गेलं, ते वर आलंच आहे.

यात एक मेख आहे, ती मला फार उशिरा उमगली. आपण म्हणतो अमुक कुटुंबात सहा मुलं, तमुक कुटुंबात दोन. हे आकडे मुलग्यांना आणि मुलींना सारखे वाटून आलेले नसतात. मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही आणि झाला की थांबायचं, ही रीत असेल तिथे पहिलाच मुलगा झालेलं घर लहान राहतं, मुलीमागून मुली झालेलं घर वाढत जातं. म्हणजे मोठी कुटुंबं आपोआप मुलींच्या वाट्याला येतात. कुणी एका मुलीचाही दुस्वास केला नाही असं धरलं तरी तिला वाटेकरी जास्तच मिळतात. आणि दुस्वास नव्हताच असंही नाही. साताऱ्यात 2011 साली जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन 285 मुलींची नावं बदलली. त्या सगळ्यांचं जुनं नाव नकोशी किंवा नकुसा. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैष्णवी. हजेरीपटावर आयुष्यभर नको म्हणून हाक मारून घेतलेल्या त्या मुली, आणि घरी बहुधा त्यांच्यामागून आलेला एक भाऊ.

मग कुटुंबं लहान झाली आणि मेख उलटी फिरली. सात मुलांत एक-दोन मुलगे हमखास निघतात, दोनांतच थांबायचं तर मुलगा नशिबावर सोडवत नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सगळ्यात आधी, 1988 साली, महाराष्ट्रानं केला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 1991 ला 946, 2001 ला 913 आणि 2011 ला 894. कुटुंब लहान होतंय आणि मुलीही घटतायत, दोन्ही रेषा सोबत उतरलेल्या. मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळच्या ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. ती बातमी आली तेव्हा आमच्याकडे बागेत माल उतरायचे दिवस होते. तात्यांनी पेपर घडी घालून ठेवला आणि त्या दिवशी बागेकडे फिरकले नाहीत. द्राक्षाच्या विरळणीत कुठला मणी कात्रीखाली येतो हे टोळीतल्या बाईच्या हातावर असतं. इथे आधी बघून ठरवत होते.

आता वडिलांबद्दल. ते चौथे. क्रमाच्या हिशेबानं त्यांच्या वाट्याला ना दूध, ना रान. ते शिकले ते घरानं शिकवलं म्हणून नव्हे, घरानं अडवलं नाही म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळ काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 ला ती साताऱ्याला नेली. बोर्डिंगातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्यातून उभ्या राहिलेल्या शेकडो शाळांपैकी एकीत वडील ‘कमवा आणि शिका’ करत मॅट्रिक झाले. खड्डे खणले, वाफ्याला पाणी दिलं, पंगतीला वाढलं. अपत्यावरच्या गुंतवणुकीबद्दल लिहिणारे पुष्कळदा आई आणि बाप इथंच थांबतात. आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीवर खर्च केला तो भलत्याच माणसांनी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव पाच भावांत सगळ्यात धाकटे. वडील नावाजलेले पैलवान, म्हणजे बीज होतं, आखाडा घरचा होता. पण 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं. तेव्हा कुठे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं, पाचव्या मुलाच्या गळ्यात.

मैत्रिणीशी हा वाद रंगला तेव्हा तिनंच मला आइसलंडचा एक शोध सांगितला, 2018 चा. आईबापांची निम्मी जनुकं मुलाला मिळतात, निम्मी मिळत नाहीत. संशोधकांनी न मिळालेल्या निम्म्यांकडे पाहिलं. जी मुलाच्या अंगात उतरलीच नाहीत त्यांचाही मुलाच्या शिक्षणावर परिणाम दिसत होता, मिळालेल्यांच्या साधारण तीस टक्के. कसा? तर ती जनुकं आईबापांना घडवतात आणि तसे आईबाप घर घडवतात. माझी आई संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचायची, कारण आजीला वाचता येत नव्हतं. अग्रलेखासकट. तिच्यातली जी चिकाटी माझ्यात आली नाही, ती सुद्धा रोज तासभर माझ्या कानावर पडत होती. म्हणून रक्त की संगोपन या भांडणात मला आता रस उरलेला नाही. आमच्या घरापुरतं तरी रक्त सातांना सारख्याच न्यायानं मिळालं. हात आखडला तो त्यानंतर.

थोरल्या आत्याचं डोकं काय होतं हे सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावं. सहीऐवजी अंगठा, पण व्याजाची आकडेमोड तोंडावर. पंधराव्या वर्षी लग्न झालं. तिला मी विचारलं, तुला शाळेत घातलं असतं तर? ती म्हणाली, ‘मग बदाम कुणी वाटलं असतं गं?’

गेल्या महिन्यात भावानं हक्कसोडपत्राचा कागद आणून दिला. आत्यांनी तिघींनी त्यांच्या वेळी सह्या-अंगठे करून दिलेत. त्यांना विचारलंही नव्हतं, मिरजेला जायचंय म्हणून गाडीत बसवलं आणि वाटेत कचेरीपाशी उतरवलं. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे भावाला माहीत आहे, म्हणूनच तर कागद आणला. तो वाईट माणूस नाही. बाग त्यानं उन्हातान्हात राबून राखली आहे, गारपिटीत एका रात्रीत वर्ष गेलेलं त्यानंच सोसलंय. मी त्याला म्हटलं, बाग तूच कर, उत्पन्नातलं मला काही नको, पण सातबाऱ्यावर माझं नाव राहू दे, पुढे पोरीचं लागू दे. तो म्हणाला, उद्या जावई आले मोजणीला तर? मी म्हटलं, उद्या तुझा मुलगाही विकायला काढेल, त्याच्याकडून कागद लिहून घेतलायस का?

यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, छाटणी उरकली की बसू. कागद माझ्या कपाटात आहे, सही केलेली नाही. आत्याला फोनवर सांगितलं तर तिनं आधी विचारलं, किती गुंठे येतात? मी आकडा सांगितला. पलीकडून लगेच आजच्या भावानं त्याची किंमत आली.